चषक द्यायला मी येणार नाही

बडोदे,
ता. ११ फेब्रुवारी

सुभाषदादा,

नमस्कार. मी बरी आहे. इरा सिडनीला सुखरूप पोचली, रोज फोन करते. वहिनींच्या कंबरेला आता कसं आहे? त्यांना म्हणावं, थंडी जाईपर्यंत जमिनीवर बसून भाजी निवडू नका.

शुक्रवारी अमोघ येऊन कार्ड देऊन गेला. सोनेरी कडेचं, जाड. आपल्या शीडबोट क्लबच्या मुलांच्या शर्यती, 'कै. वसंत दिघे स्मृतिचषक', आणि तो माझ्या हस्ते. अमोघला चहा विचारला तर म्हणाला, "नको काकी, पप्पा वाट बघतायत." उभ्या उभ्याच गेला.

मी येणार नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "शांत हो नयना, शांत हो" म्हणता आणि मी शांत होते. म्हणून लिहिते आहे. हे पत्र तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आधी क्लबचंच बोलू. रिफायनरीतल्या शिफ्ट संपवून तुम्ही दोघं बाजव्याहून परस्पर बागेतल्या तळ्यावर जायचात. माझ्या जुन्या छत्रीचं कापड फाडून पहिल्या खेळण्यातल्या होडीचं शीड केलंत. पुढे रिमोट आले, मुलं आली, दर रविवारी तळ्याकाठी जत्रा भरायला लागली. कुणी एक पैसा घेतला नाही. वसंतला बक्षिसांचं काही नव्हतं. कुणाचीही होडी शेवाळात अडकली की हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात. घरी आला की पायांना चिखलाचा वास, आणि मी ओरडायची.

डिसेंबरच्या त्या रविवारीही तो असाच उतरला आणि परत आला नाही. तुम्ही मला दवाखान्याच्या दारात सांगितलंत, "हार्ट, नयना. एका क्षणात गेला, त्रास झाला नाही." पोस्टमॉर्टेमचा विषय निघाला तेव्हा तुम्हीच म्हणालात, "कशाला त्याच्या देहाची चिरफाड? मी बोलतो पोलिसांशी." मी मान हलवली. तुम्ही सांगाल ते खरं, एवढंच मला त्या वेळी कळत होतं.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी प्राची आली होती. आपली दातांची डॉक्टर, दर रविवारी मुलांना गाठी मारायला शिकवते ती. कार्डावरचं वसंतचं नाव वाचून तिला राहवेना. ती सोफ्यावर बसली आणि रडायलाच लागली.

"काकी, काका गेले त्याच्या आदल्या रविवारी मला शॉक बसला होता. तळ्यातल्या कारंज्याजवळ होडी काढायला गेले तर पाय एकदम झणझणले. मी सुभाषकाकांना सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कंत्राटदाराशी बोलून घेतो. तोंड उघडू नकोस, पाहुणे यायचेत, क्लबची परवानगी जाईल."

मी तिला विचारलं, त्यानंतर सुभाषकाका स्वतः पाण्यात उतरले का. तिनं मान हलवली. नाही.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

दादा, त्या दिवशी अडकलेली होडी तुमची होती. तेराव्याला तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात, "माझा गुडघा धरला होता, म्हणून मी वसंताला म्हटलं, जरा काढ ना." मला तेव्हा तुमची दया आली होती. आता आठवतं, नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात शेवटच्या आरतीपर्यंत हाच गुडघा नाचत होता.

प्राचीवर विश्वास ठेवायला मला जड गेलं. वाटलं, पोर घाबरली असेल, काहीतरी चूक होत असेल. म्हणून शनिवारी तिला घेऊन बागेत गेले. बागेच्या ऑफिसातल्या साहेबांना म्हटलं, कारंज्याची लाइन बंद करा आणि वायर वर काढून दाखवा. ते म्हणाले, अर्ज द्या. मी काठावरच्या कट्ट्यावर बसले. म्हटलं, वायर बघितल्याशिवाय उठत नाही, पोलिसांना बोलवायचं तर बोलवा. दुपार टळली तेव्हा कंत्राटदाराची माणसं आली. वायर वर ओढली. गाळानं माखलेली, आणि एका जागी हातभर टेप गुंडाळलेली. टेपच्या दोन्ही बाजूंनी आतली तार दिसत होती.

मी विचारलं, ही टेप कधी लावली?

त्यांचा माणूस म्हणाला, "सुभाषभाईने पूछो ने, बेन. एमणे ज मरावेली, पेला भाई गुजरी गया पछी."

वसंत गेल्यानंतर! तुम्ही माझ्या घरी तेराव्याचं जेवलात, वसंतच्या फोटोपुढे रडलात, आणि जाऊन वायरला टेप लावून घेतलीत. टेप! त्याच पाण्याच्या काठी येत्या रविवारी मुलांच्या शर्यती ठेवल्यात. आणि चषक कुणी द्यायचा, तर मी.

क्लब वाचवायचा होता, असं तुम्ही म्हणाल. वसंतलाही तो हवाच असता, असंही म्हणाल. म्हणू नका. त्याच्या नावानं आता एकही वाक्य तुम्ही बोलायचं नाही.

कारंजं बंद झालंय. वायर पोलिसांनी ताब्यात घेतली. काल सोमवारी मी जबाब दिला, माझ्यामागोमाग प्राचीनं दिला. इन्स्पेक्टर म्हणाले, पोस्टमॉर्टेम नाही, त्यामुळे त्या दिवशी काठावर जो होता त्याचं बोलणं महत्त्वाचं. काठावर तुम्ही होतात.

इतका वेळ रागानं लिहिते आहे, पण सगळ्यात जास्त राग कशाचा आहे ते लिहायला हात धजत नव्हता. मला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला मी तुम्हाला ओवाळायची. आणि या दोन महिन्यांत जेव्हा जेव्हा घर खायला उठलं, वसंतची आठवण सहन होईना, तेव्हा मी पोटच्या लेकीला, इराला नाही, तुम्हाला फोन केला. तुम्ही प्रत्येक वेळी उचललात. "मी आहे ना," म्हणालात. तो आवाज ऐकून मला झोप लागायची. कुणाच्या आवाजानं लागायची, ते आता मला कळलं. वसंत तर गेलाच, पण त्याच्यासाठी ज्याच्यापाशी रडायचं, तो माणूसही तुम्ही माझ्याकडून नेलात.

पोलीस बोलावतील तेव्हा जाऊ नका. त्याआधी, स्वतःच्या पायांनी जा. वायरचं सांगा, प्राचीनं बजावलेलं सांगा, गुडघ्याचं सांगा. वहिनींना आणि अमोघलाही तुमच्याच तोंडून कळू द्या, पोलिसांच्या नको.

ते केल्याशिवाय माझ्या दाराची बेल वाजवू नका. केलंत, तरी दार उघडेन की नाही, हे आज मला सांगता येत नाही.

वसंतची,
नयना