दोन शिश्या अन् गोदाबाईचा पत्ता

बालाघाट, ता. ११ नोव्हेंबर १९६७

ती. सौ. शेवंताबाईस, धाकट्या बहिणीचे दंडवत. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? खैरलांजीले धान कापणं सुरू झालं असंल, म्हणून आधीच लिहून टाकतो की इकडे यायची काही गरज नाही. मी खुशाल आहे. मले दोन कॅन्सर झाले आहेत, बाकी सारं ठीक. (रडू नको. आधी पुरं वाच, मग रड.)

पोळ्याच्या सुमाराले डाव्या छातीत एक गाठ हाताले लागली. मी म्हटलं, असंल. इथल्या डॉक्टरीणबाईनं उजवीकडेही एक शोधून काढली (शोधलं की सापडतेच, म्हणून मी कधी पेटी उपसत नाही). तिनं दोन्हीकडचे बारीक तुकडे दोन शिश्यांत घातले अन् सांगितलं, वर नाव लिहा, नागपूरले पोचवा. नेणारे दोघं, आमचे हे अन् आपला धाकटा भाऊ प्रेमलाल. तुले माहीतच आहे, आमच्या ललिताच्या लग्नात मामा असून प्रेमलालच्या पानात वरण उशिरा पडलं, तेव्हापासून चार वर्षं हे दोघं बोलत नाहीत. म्हणून एकेक शिशी एकेकाकडे. छोट्या रेल्वेगाडीत समोरासमोर बसले, दुपट्ट्यात गुंडाळलेली शिशी मांडीवर, एकजण या खिडकीबाहेर पाहते, दुसरा त्या. ह्यांनी आपल्या चिठ्ठीवर लिहिलं, सत्यभामाबाई तेजराम (नवऱ्याचं नाव लिहिलं तर चालते, तोंडानं घेत नाही मी). प्रेमलालनं लिहिलं, गोदाबाई. खाली वॉर्ड दोघांनीही हाच टाकला. प्रेमलालचं तरी काय चुकलं? माझ्या लग्नात परातीतल्या तांदळावर अंगठीनं माझं नाव बदललं तेव्हा तो पाच वर्षांचा होता अन् लाडू खात होता. एकानं दुसऱ्याची चिठ्ठी पाहिली असती तर बात तिथंच मिटली असती, पण पाहायले बोलावं लागते.

दोन हप्त्यांनी दोन लिफाफे आले. डाकवाला म्हणाला, वॉर्ड हाच आहे, दुसरी बाई इथंच कुठं असंल, देऊन द्या. ह्यांनी माझा लिफाफा वाचला अन् खाटेवर बसून राहिले. प्रेमलालच्या शिशीचं उत्तर मागून येईल असं धरून मग दुसरा वाचला. कोण्या गोदाबाईलेही कॅन्सर, तोही वेगळ्याच जातीचा. आपलं दुःख बाजूले ठेवून माणूस चप्पल घालून निघाला, त्या बिचारीले कोणी तरी सांगायले पाहिजे म्हणून. तीन दिवस वॉर्डात फिरले. एक गोदाबाई भाजी विकते, तिनं ऐकून तराजू उगारला. दुसरी मागल्या वर्षीच वारली होती, तिच्या सुनेनं चहा पाजला. तिसऱ्या दुपारी घरी आले तेव्हा मी सुपात तांदूळ निवडून राहिली होती. म्हणाले, ललिताची माय, त्या गोदाबाईचं जगात कोणी नाही वाटते, पत्ताच लागत नाही. मी म्हटलं, हे काय, इथं बसली आहे. सव्वीस वर्षांत ते नाव त्यांच्या डोक्यातून साफ गेलतं. मग इतके रडले की सुपातले तांदूळ पुन्हा वाळवावे लागले.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं दोन खाटा राखून ठेवल्या होत्या. विचारलं, दुसरी बाई कुठं आहे? मी म्हटलं, मीच. त्यांनी सारं पुन्हा तपासलं. म्हणाले, इकडची तिकडे पसरली नाही, दोन्ही आपापल्या जागी उगवल्या. ह्यांले लगेच समजलं, धानाच्या एका बांधीत लुचई, दुसऱ्या बांधीत चिन्नोर, मधल्या धुऱ्यावरून बियाणं गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, तसंच, अन् पसरली असती त्याहून हे बरं, पण दोन्हीकडचं काढावं लागंल. (चिन्नोरसारख्या वासाच्या तांदळाचं नाव त्यात घेतलेलं मले आवडलं नाही.)

तेव्हापासून दुपारी ओसरीत बसली की ती दुसरी बाई मले दिसते. बाई कसली, चौदा वर्षांची पोरगी. परकर खोचून माहेरच्या तळ्याच्या, आपल्या बोडीच्या पाळीवरल्या जांभळावर बसली आहे, जीभ जांभळी झाली आहे, पाय हलवून राहिली आहे. खाली सत्यभामा लिफाफा घेऊन उभी, पण तिच्या तोंडून हाक निघत नाही. वैनगंगेकडून वारा येते, पानं हलतात, पोरगी वरच. किती वेळ जाते समजत नाही, चुलीवरचं दूध उतू जाते. मले तिची दया येते, बाई. मी संसार केला, लेक उजवली. तिनं तर अजून काहीच केलं नाही. मले भेव वाटते, खरं सांगतो. मरायचं तेवढं नाही, पण ती तिथंच बसून राहील याचं फार वाटते.

भाऊजींले नमस्कार, पोराबारांले आशीर्वाद.

तुझी सत्यभामा

ता. क. ऑपरेशन बुधवारी, २९ तारखेले, नागपूरले. तू येऊ नको. दुसऱ्या खाटेवर हे झोपतील. प्रेमलाल अन् हे आता बोलतात. कोणाची चिठ्ठी बरोबर होती, यावर रोज भांडतात.

ता. क. दुसरा. नर्सबाई म्हणाली, भूल उतरताना घरच्या माणसानं नाव घेऊन हाक मारत राहावी. हे ओसरीत बसून सत्यभामा म्हणायचा सराव करून राहिले (लाजतात). त्या हाकेनं मी उठीन, पण गोदी कशी उठंल? प्रेमलाल मले बाई म्हणते. माय गेली तशी त्या नावानं हाक मारणारी तूच एक उरली. तर ये. धान भाऊजी पाहतील.

ता. क. तिसरा. गोड आवाजात हाक मारू नको, ती ओळखणार नाही. जांभळाखाली काडी घेऊन हाका मारायची तशीच मार, गोदे, उतर खाली म्हणून. मी उतरीन.