वजनकाटा बाबुरावच्या दारात

४ मार्च
ट्रस्टच्या दवाखान्यातून स्पृहाताई आली. चाळीतल्या शुगरवाल्यांची नावं लिहून घेतली. शुगर जुनी झाली की हार्ट गुपचूप थकतं म्हणे. अंगात पाणी साठतं, वजन वाढतं, पाय सुजतात, दम लागतो. म्हणून रोज चहाआधी वजन करून वहीत मांडायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन. मीठ कमी.
सगळं पटलं. पण काटा आणि वही शेजारच्या बाबुरावच्या दारात ठेवली, हे नाही पटलं. का, तर तो रिटायर्ड कंडक्टर, लिहिण्यात चोख. आणि मी? एकवीस वर्षं लोअर परळला लिफ्ट चालवतोय. माणसाचं वजन मला नुसतं बघून कळतं.
संकल्प: महिन्याभरात बाबुरावपेक्षा जास्त उतरवणे.

५ मार्च, स. ६.३०
मी ७१. बाबुराव ७३. झकास सुरुवात.

६ मार्च
ताई म्हणते चालत जा. मला गरज नाही. टॉवर बत्तीस मजली. आज अंदाजे आठशे मजले चढलो-उतरलो. बाबुराव जन्मात चढला नसेल.
मालनने कमी मिठाची आमटी केली. घशाखाली उतरेना. सुके बोंबील भाजून जेवलो. त्यातलं मीठ समुद्राचंच, वरून घातलेलं नाही.

७ मार्च
मी ७१.८?? काटा डगमगतो. तोल सांभाळायला गॅलरीच्या कठड्यावर हात टेकला, ७०.९. हेच खरं वजन. यापुढे असंच करावं.
बाबुराव ७२.६.

१० मार्च
उरलेली आमटी मालनने बाबुरावला दिली. बिचारा विधुर आहे, म्हटलं ठीक. त्याने वाटी धुऊन परत केली, वर म्हणाला, वहिनी, तुमच्या हाताला चव आहे. मालन म्हणाली, हे तुम्ही तीस वर्षांत एकदाही बोलला नाहीत. मी म्हटलं, असल्या गोष्टी मनात ठेवायच्या असतात.
बाबुराव ७१.५. माझ्या घरच्या आमटीवर उतरतोय!

१३ मार्च
आता आमटी रोज जाते. वाटीचं पातेलं झालं. आज सोबत कोशिंबीर.
बीपीची गोळी बंद केली. तिने सारखं लघवीला होतं. लिफ्ट कोणाच्या भरवशावर सोडणार? तब्येतीपेक्षा ड्युटी मोठी.
मी ७०.९. अगदी स्थिर. असा आकडा चाळीत कोणाचा नाही.

१६ मार्च
जिन्यात दोनदा थांबलो. खाली मिरची कांडप सुरू झालंय, सगळ्या लालबागला ठसका लागतो. बाबुरावला लागत नाही, कारण त्याला नाकच नाही. म्हणाला, ताईला दाखव. जळतो माझ्यावर.
माझ्या आकड्यापुढे वहीत बारीक काहीतरी लिहितो. चष्मा नव्हता. वही मागितली तर दिली नाही. तिकिटं फाडायची सवय, सगळं स्वतःच्या हातात हवं.

१९ मार्च
आडवं झालं की खोकला. तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपलो. मिरचीच.
मालन सकाळी बाबुरावच्या दारात उभी राहून हळू आवाजात बोलत होती. मला बघून गप्प. विचारलं तर म्हणाली, तुमच्याबद्दलच. पटण्यासारखं नाही.

२१ मार्च
चपलेचा पट्टा रुततो. हल्ली माल हलका येतो.
बाबुराव म्हणाला, शामा, पाय सुजले मरे तुझे. त्याला माझे पाय बघायचं काय कारण?
मी ७०.८. हात दोन्ही टेकले, एकावर तोल जात होता.

२३ मार्च
आनंदाची बातमी! बाबुरावने स्पृहाताईला फोन केला. ती उद्या खास मला बघायला येणार. माझा आकडा कानावर गेला असणार. सत्कार दिसतोय. भाषण तयार. बाबुरावचे आभार शेवटी, एका ओळीत.
इस्त्रीचा शर्ट काढला. बूट चढत नाहीत. बूट आटलेत.

२७ मार्च, हॉस्पिटल
हार नव्हता. ताईने नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. कठडा सोडून काट्यावर उभं केलं. ७६.४. मग मला खुर्चीत बसवून बाबुरावने आणि आणखी तिघांनी तीन मजले खाली आणलं. आमच्या चाळीला लिफ्ट नाही.
ताईने डॉक्टरांना दाखवायला आणलेली वही आज बघितली, चष्मा लावून. माझ्या आकड्यापुढे रोज एकच: हात कठड्यावर. सतरा वेळा. १६ ला: दम. १९ ला: खोकला, मालनवहिनी म्हणाल्या. २१ ला: पाय.
डॉक्टर म्हणाले, हार्टला धक्का बसलाय, पण गोळ्या घेतल्या, मीठ सोडलं तर सांभाळता येईल. अजून आठ दिवस गेले असते तर... घाबरलो. खरंच घाबरलो.
मालन रडली. माझ्यासमोर नाही, बाहेर बाबुरावसमोर. त्याचाही राग आला.
संध्याकाळी तो डबा घेऊन आला. मालन चार दिवस इथेच बसून, म्हणून आमटी त्यानेच केलेली. सगळी संपवली. तो गेल्यावर मालनला म्हटलं, तुझी जास्त चांगली होते.

२८ मार्च, स. ६.३०
बाबुरावला फोन करून त्याचं विचारलं. ६९.८. खोटं बोलत असेल.
शेजारच्या कॉटवाल्याची सूज माझ्याआधी उतरतेय.
इथे काटा भिंतीपासून लांब ठेवतात, धरायला काही नाही. मी ७३.१. हात खाली.