आईचा खांब

पुरनकासी, ३ सप्टेंबर १९५५

चि. एल्मेन यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही जिते आहोत. घर उतरवून ओंडके वरच्या माळावर नेलेत. महिनाअखेर धरणामुळे व्होल्गा आपल्या शिवारात चढणार. आता राहिली थडगी. धरणाचा साहेब म्हणतो, ज्या थडग्यावर खांब उभा असेल तेच उकरून वर नेणार. खांब नसला तर घरच्यानं जागा दाखवायची, नाहीतर ते मढं पाण्याखाली.

बाचा खांब ओकचा, अजून छातीएवढा उभा आहे. आईचा लिंडनचा. बाईमाणसाला आपल्यात ते मऊ लाकूड, तो केव्हाच कुजून गेला. मी तेव्हा बाळंतीण होते. पुरायला तू होतास. येऊन दाखव. कारखाना तुझ्यावाचून बंद पडत नाही.

तुझी अक्का,
उनेर्पी

कझान, ११ सप्टेंबर

ती. अक्कास एल्मेनचा सा. न.

रजा मागितली. मुकादम म्हणाला, मेलेल्यांसाठी रजा नसते, कुणी आजारी असेल तर बोल. तुला आजारी पाडायला जीभ रेटेना. आई बाच्या डाव्या हाताला, तीन पावलांवर. पण पुरताना पाजलेली बिअर पोटात होती, पावलं त्या हिशेबानं धर. रागावू नकोस.

तुझा,
एल्मेन

माळावरून, २९ सप्टेंबर

चि. एल्मेन यास आशीर्वाद.

बिअर पिऊन आईला पुरायला गेलास आणि पावलं मला मोजायला लावलीस, गाढवा. खणलं तर शेजारी शेजारी दोघी निघाल्या, बायका ते गळ्यातल्या मण्यांवरून कळलं. त्यातली आई कोणती, हाडांवरून काय ओळखणार? मला आईचं तोंडही आठवेना. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही.

शेजारचा तोख्तार म्हातारा म्हणाला, परकी बाई बापाशेजारी निजवलीस तर पाप लागेल. मी म्हटलं, मग परकी कोण ते तूच सांग. खोरं उचलून चालता झाला. साहेबानं कागदावर एक बाई लिहिली आणि पेटी एकच दिली. मी दोघींना त्यात घातलं.

काल पाणी आलं. उभी राहून बघितलं, मग गाय पिळायला गेले.

नोव्हेंबरात, आपल्या रीतीप्रमाणे, नवे खांब रोवायचे. त्यासाठी झाड तोडायचं काम घरच्या पुरुषाचं, तेव्हा मुकादमाला काय सांगायचं ते सांग, पण ये. लिंडनचे दोन लागतील. पितरांना जेवायला हाक मारताना दोघींनाही आईच म्हणायचं.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का,
उनेर्पी