‘घ्या’ म्हणण्याआधी

सोमवार, १० फेब्रुवारी

बुधीचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं. कापणार निशिगंधा, भूल देणार मी. आणि आमचं तीन आठवडे बोलणं बंद!

चूक माझीच. छातीचं ऑपरेशन म्हणजे एकाच फुफ्फुसावर श्वास चालू ठेवायचा, दुसरं हवा काढून बसवायचं. पेशंटला कुशीवर वळवताना श्वासाची नळी सरकते. म्हणून मी परत तपासून ‘घ्या’ म्हणायचं, मगच तिनं सुरी लावायची — हा आमचा शिरस्ता. त्या दिवशी मी न तपासताच म्हणाले. आत फुफ्फुस फुगलेलंच! ‘झोप आलीय का गं तुला, उमैमा?’ — निशिगंधा, सगळ्यांदेखत. पेशंट सुखरूप घरी गेला, पण माझा राग काही गेला नाही. आता एकमेकींना निरोप हर्षला सिस्टरकडून. बिचारीचा पार पोस्टमन झालाय.

मंगळवार, ११

हर्षला म्हणते, निशिगंधामॅडम पुढच्या आठवड्यापासून लांब रजेवर. माझ्यामुळेच असणार. जाऊ दे गेली तर! — नाही, नको. जिवाला चैन नाही.

बुधवार, १२

बुधी कशेळ्याच्या वरच्या वाडीतली. फुफ्फुसाभोवती पू साचून कवच झालंय, ते सोलून काढायचं. तपासत होते तर तिनं माझं मनगटच धरलं. ‘तू झोपवशील, ती कापंल. मंग उठवंल कोन गं?’

‘मी,’ म्हटलं खरं.

गुरुवार, १३

वळवलं. तपासलं. परत तपासलं. मग ‘घ्या’.

अर्ध्या तासानं ऑक्सिजन घसरायला लागला. ९१... ८७... बसवलेलं फुफ्फुस फुगवायला हवं, म्हणजे आधी निशिगंधाचे हात बाहेर हवेत. आणि मी काय बोलले? ‘हर्षला, मॅडमना थांबायला सांग.’ हर्षला रक्ताची पिशवी आणायला गेलेली! तिथं कुणीच नव्हतं. या अल्ला! ८२.

‘निशी, थांब!’ — ओरडलेच मी.

‘थांबले. फुगव. सावकाश, मी बघतेय.’ लगेच. जणू मधे तीन आठवडे गेलेच नव्हते.

संध्याकाळी बुधीनं डोळे उघडून पाणी मागितलं. मी जिन्यात जाऊन पोटभर रडले.

शनिवार, १५

निशिगंधा स्वतः आली, हातात एक्सरे. मला वाटलं बुधीचा.

‘माझा आहे. उजवीकडची गाठ बघ. बुधवारी मुंबईला काढतायत. त्यांना सांगून ठेवलंय — भूल उमैमाच देणार.’