फ्रिजमधला कोश

२ मार्च

चि. शहाण्यास,
अ. आ.

फोन केला की तू हं-हं करतोस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. पत्राला गिऱ्हाईक आडवं येत नाही.

तुझं खोकं पोचलं. मला वाटलं, बापानं पोरींना फ्रॉक धाडले असतील. उघडून बघते तर एक जाळी, झाकणाला भोकं पाडलेल्या बरण्या, तुझ्या दुकानातलं भिंग आणि वर तुझ्या अक्षरात सूचना, की पकडा, बघा, सोडून द्या. वा रे वा! पकडणार पोरी, बघणार पोरी, आणि शिलाई मशीनखाली निसटलेला नाकतोडा सोडवत बसणार मी. जन्मभर किडा दिसला की चप्पल उचलली, आता त्याच हातात बरणी. थोरली तर मास्तरीणच झाली आहे. मी परसात झाडू घेऊन निघाले की मुंग्यांची रांग मोडेल म्हणून मलाच दटावते. चिंगी पाच वर्षांची, पण भीती म्हणून ठाऊक नाही कार्टीला. काल लिंबाच्या रोपावरून पाखराची शीट उचलून आणली. हात धुवायला ओढत नेलं, तर ती शीट चालायला लागली. अळी होती, शी!

बायको गेली तेव्हा म्हणाला होतास, घर लावून घेतो, महिनाभर पोरींना ठेव. पावसाळा गेला, थंडी गेली. असा कोणता राजवाडा आहे रे, की अजून लावतोच आहेस? जगाला चष्मे विकतोस, एखादा स्वतःच्या डोळ्यांवर चढव.

लोभ आहे. पण त्यावर फार विसंबू नकोस.

तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एका रातकिड्यापायी सबंध कपाट बाहेर काढायला लावणारी तू, आणि तुझ्याच घरात नाकतोडा नांदतो आहे, हे वाचून दिवस चांगला गेला. ती अळी मुद्दामच शिटेसारखी दिसते, म्हणजे पाखरं तिला खात नाहीत. तेव्हा फसलीस ती तू एकटीच नाहीस, पाखरंही फसतात. तेवढंच तुला समाधान.

तिला लिंबाची कोवळी पानं घालत राहा. मोठी झाली की हिरवी होईल, मग कोश करील. थंड मुलखात असे कोश सगळा हिवाळा झोपून राहतात आणि ऊब आली की फुटतात, हे पोरींना वाचून दाखव, त्यांना गंमत वाटेल. आणि हेही सांग, की कोश फुटायच्या दिवशी बाबा तिथे हजर असणार. अगदी नक्की.

घराचं म्हणशील तर रंगाचं काम राहिलं आहे. तुझ्या जिभेला देवानं धार दिली आहे, मायाही दिली असावी, असा माझा अंदाज आहे. ती राहू दे.

तुझा धाकटा


१९ मार्च

चि. रंगाऱ्यास,
अ. आ.

तुझ्या लाडक्या अळीनं माझं लिंबाचं रोप खराट्यासारखं करून ठेवलं आणि परवा कोश केला. स्वतःच काढलेल्या दोऱ्यात स्वतःला टांगून घेतलं आहे. टाका मात्र सफाईदार आहे. मी काही बघत बसत नाही हो, येता-जाता नजर जाते एवढंच.

तुझं वचन पोरींना सांगितलं आणि माझीच पंचाईत झाली. बरणी खिडकीत आहे, आणि तिच्यापुढे माझ्या शिवणाच्या खोलीतलं स्टूल. ते म्हणे बाबांचं. माप द्यायला आलेल्या बाईला तिथे टेकायचीसुद्धा चोरी. दारात रिक्षा थांबली की दोघी धावत सुटतात. रविवारी तीनदा धावल्या. एकदा गॅसवाला होता, दोनदा शेजारचे पाहुणे. चौथ्यांदा उठल्या नाहीत.

आता तरी निघ. भिंत ओली असली तरी रेल्वे चालू असते.

तुझी ताई


२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या आठवड्यात मुळीच जमत नाही गं. दुकानात डोळे तपासायचं नवं यंत्र येतं आहे, ते बसवून घ्यायला मीच हवा. चिंगीला म्हणावं, कोशाला सांग, बाबा येईपर्यंत जरा थांब. तुझं ऐकत नसला तरी तिचं ऐकेल.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझा धाकटा


१ एप्रिल

अरे माणसा,

आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत मी नाही.

तुझं पत्र पोरींना मोठ्यानं वाचून दाखवलं, ही माझी अक्कल. दुसऱ्या दिवशी खिडकीत बरणी नाही. विचारलं तर थोरली म्हणाली, तो झोपला आहे. मला वाटलं, खेळ चालला असेल. आज फ्रिज पुसायला घेतला, तर भाजीच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेली बरणी! चिंगीला बकोटीला धरून जाब विचारला. ती शांतपणे म्हणाली, की थंडीत कोश झोपून राहतो असं बाबांनीच लिहिलंय, आणि थांबवायलाही बाबांनीच सांगितलंय. बाबा आले की बाहेर काढणार.

माझा उगारलेला हात तिथेच राहिला. काय मारणार? तिनं बापाचा शब्द पाळला. न पाळणारा तिकडे यंत्रं बसवतो आहे!

बरणी पुन्हा खिडकीत ठेवली आहे. कोश हलत नाही. जिवंत आहे की मेला, मला कळत नाही. मेला असेल तर ते चिंगीला मी सांगणार नाही. आई गेल्याचं दोघींना मी सांगितलं. तू गॅलरीत पाठ करून उभा होतास. तेव्हा तुला काही बोलले नाही, म्हटलं, दुःख आहे, होईल नीट. पण घरातल्या प्रत्येक मरणाचा निरोप माझ्याच तोंडून जाणार असेल, तर बाप म्हणून तुझं काम काय? खोक्यातून भिंगं पाठवायचं? हे दुसरं तू येऊन सांगायचं. तिला मांडीवर घेऊन, तोंडाकडे बघून.

लोभाचं नंतर बघू.

ताई


४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

रंगाचं खोटं आहे, यंत्राचंही. चिंगी चालायला लागली की पाठीमागून हुबेहूब तिची आई दिसते. मला ते बघवत नाही, एवढंच खरं. उद्या दुकानाला कुलूप लावून निघतो. या पत्राच्या आधी बहुतेक मीच पोचेन. स्टूल कुणाला देऊ नकोस.

तुझा धाकटा


११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

आलास, बरं केलंस. त्यासाठी हारतुरे मिळायचे नाहीत. बापानं पोरींकडे येणं हा काही पराक्रम नव्हे.

पण सांगितलंस मात्र नीट. बोबडी वळली होती, तरी सांगितलंस. कोश काळा पडलाय, आता उठायचा नाही, असं म्हणालास. फ्रिजमुळे का, असं तिनं विचारलं, तेव्हा चूक माझी, मी वेळेवर आलो नाही, हेही कबूल केलंस. मग तिघांनी मिळून जो गळा काढलात, तो ऐकून शेजारीण डोकावून गेली. मी मशीन जोरात चालवलं, दुसरं काय करणार! दोघींना घेऊन निघालास तेव्हा थोरलीला कोश परसात पुरायचा होता. चिंगी नको म्हणाली. आत्या आता एकटीच, तिला सोबत राहू दे म्हणाली. मला मेलेल्या किड्याची सोबत! चांगली पारख केली हो पोरीनं.

तर ऐक. परवा सकाळी काजं करत होते. बरणीत खुडखुड झाली. पाल असेल म्हणून चप्पल घेऊनच उठले. बघते तर कोश उसवलेला, आणि काडीला फुलपाखरू लोंबकळतंय! पंख नुसते चुरगळलेले, धुऊन पिळलेल्या कापडासारखे. काळा पडला म्हणे! अरे, पातळ झालेल्या सालीतून पंखांचा काळा रंग दिसत होता. एवढं मोठं भिंग लावून तुला मरण दिसलं. धन्य तुझी आणि धन्य तुझ्या गिऱ्हाइकांची.

तुझ्या स्टुलावर बसून राहिले. पंख सुकून ताठ होईपर्यंत काजं तशीच पडली होती. परसात नेऊन झाकण काढलं, तशी मोठ्यानं हाक मारली, अगं या गं लवकर, उडालं बघा! मग आठवलं, घरात कुणी नाही.

हे पत्र पोरींना वाचून दाखवू नकोस. बाबांनी मेला म्हटलेला कोश उठला, हे कळल्यावर चिंगी पुढचा प्रश्न कोणाबद्दल विचारील, ते तुला ठाऊक आहे. त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही, आणि तुझ्या एकट्याच्यानं व्हायचंही नाही. शनिवारी मशीनवर चादर टाकून मी येते आहे. रिकामी बरणी आणते. दोघं मिळून सांगू.

तुझ्याकडे एकच स्टूल असेल, तर माझ्यासाठी आणखी एक मांडून ठेव. लोभ वाढला आहे, डोक्यावर चढू देऊ नकोस.

तुझी ताई