पहिल्या गाडीवरचा लेख

६ फेब्रुवारी २०११, रविवार

लेख झाला! गौरेश म्हणतो, "काका, गावच्या साईटवर लिहायला काही पडत नाही, सगळं फुकट." फुकट कसलं? तीन रविवार गेले. मान उजवीकडे वळत नाही. बायकोने, आनंदीने, ठेवलेला चहा दोनदा निवला, तिसऱ्यांदा तिने ठेवलाच नाही. बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेलो नाही, ती अजून फोन उचलत नाही. एवढं करून निघालं दीड पान.

पण दीड पान चोख आहे. मुद्दा एकच – एकवीस तारखेपासून माझी सकाळची पहिली बस खालच्या वाड्यातून, तळ्याकडच्या वस्तीतून, जाणार नाही. वर सड्याच्या माळावरून गेलेल्या नव्या रस्त्याने थेट म्हापशाला. तळ्याकडच्या वळणावर गाडीच्या स्प्रिंगचे पाटे मोडतात, गेल्या पावसात दोनदा गाडी तिथेच बसली. वर सड्यावर कारखान्याला जाणारी पोरं हात करून करून दमली. आमचं स्वतःचं घर खालच्या वाड्यात आहे, म्हणजे मी काही परका माणूस हे सांगत नाही.

बोलतो कोंकणी, लिहितो मराठी. आम्ही पेडणे तालुक्यातले – आम्हाला त्यात भांडण दिसत नाही.

७ फेब्रुवारी

गौरेशचा पुण्याहून फोन. भावाचा मुलगा, गावची साईट त्यानेच बांधली. मस्कतपासून डोंबिवलीपर्यंतचे गाववाले तिथे जमतात. साईटला दोन दारं – एक 'लेख', एक 'चर्चा'.

"काका, सांगायचं असेल तर लेखात टाका. विचारायचं असेल तर चर्चेत."

"फरक काय रे?"

"लेख म्हणजे देवळातलं गाऱ्हाणं. एकटो बोलता, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणटात. चर्चा म्हणजे तिंटो. जाका जाय तो बोलता."

मग गाऱ्हाणंच बरं! बाजारातल्या तिंट्यावर उभं आयुष्य गेलं माझं. तिथे एक बांगड्याचा भाव विचारतो, दुसरा त्याच्या आजोबाची जमीन काढतो, तिसरा निघून जातो.

आणि विचारायचं काय? स्वतःची बस घ्यायच्या आधी कंडक्टर होतो, तेव्हापासून हे कान तयार झालेत. मागच्या बाकावरची कुजबूज मला पुढच्या दारात ऐकू येते. उतारू पायरीवर पाय ठेवतो तेव्हाच कळतं कुठलं तिकीट. वाड्यातली माणसं माझी आहेत. गाडी सड्यावरून नेली तर सडा चढून येतील, पण दुसऱ्याच्या गाडीत बसायची नाहीत. लिहून ठेवतो!

लेखातच टाकला.

९ फेब्रुवारी

अभिप्रायांचा पाऊस! मस्कतहून विशाल – "सड्यावरून बस! गाव सुधारला, काका." डोंबिवलीहून शीतल – "खालच्या वाड्याचं वर्णन वाचून डोळे भरले." कुवेतवाले, पुणेवाले, सगळे वा वा. विरोधात एक अक्षर नाही.

आनंदी कालवणासाठी सुंगटं सोलत होती, तिला वाचून दाखवले.

"बरें बरयलां," तिने लिखाणाला दाद दिली. "पूण हो विशाल तुमच्या बशीत निमाणो केन्ना बसलो?"

माझ्या बसमध्ये शेवटचा कधी? गणपतीच्या चवथीला येतो तेव्हा विमानतळावरून टॅक्सी करतो तो. पण गावची माहिती असतेच की माणसाला.

१२ फेब्रुवारी

तळ्याकडच्या थांब्यावर सत्यवती भेटली. तांबडी भाजी आणि अबोलीचे वळेसर घेऊन रोज पहिल्या गाडीने म्हापशाला विकायला जाते, आमच्या शेजारचीच.

"भिकाजीबाब, सड्यार चडपाचें म्हणटात?"

"दहा मिनिटांचा चढ गो."

"रिकाम्या हातान धा. माथ्यार पाटी घेवन?" मग म्हणाली, "थंय बाजारांत म्हजो जागो कोण राखता? उशीर जालो की दुसरी बसता. मागीर दीस गेलो."

मी सांगितलं – तुझ्या पाटीसाठी पुढची जागा कायम राखीव. लेखात सगळं लिहिलंय, वाच.

"माका खंय वाचूंक येता? सेजल वाचता." सेजल तिची मुलगी, म्हापशाला कॉलेजात.

"मग तिला सांग, खाली अभिप्राय लिहायला."

"व्हय बाबा, व्हय," म्हणून हसली. पटलं तिला.

१५ फेब्रुवारी

सेजलने अभिप्राय लिहिला नाही. चर्चा उघडली! मथळा – 'पहिली गाडी: खालच्या वाड्याने काय करायचं?'

गौरेश म्हणतो, "काका, तुम्ही उतरा आत. दोन ओळी टाका, बास." म्हटलं, ज्याने लेख लिहिला तो खाली जाऊन हुज्जत घालत नाही. माझ्या लेखाखाली एवढी गर्दी, आणि तिथे बोलतायत सात-आठ टाळकी.

"तीच सात-आठ गाडीत बसतात, काका," तो म्हणाला. पुण्यात राहून पोरं फार बोलायला शिकली आहेत.

१८ फेब्रुवारी

चर्चा वाचली नाही. लेख परत वाचला. जमलाय!

२१ फेब्रुवारी, सोमवार

सड्यावरून पहिली फेरी. नारळ फोडला. कारखान्याची पोरं गच्च, दारात लोंबकळत! फोटो काढून साईटवर टाकला, मस्कतहून लगेच टाळ्या.

वाड्यातलं कोणी आलं नाही. पहिलाच दिवस, सवय व्हायला वेळ लागतो. पुढची जागा सत्यवतीसाठी रिकामी ठेवली होती. म्हापसा दिसेपर्यंत एक पोरगा त्या जागेकडे बघत उभा. शेवटी मीच त्याला म्हटलं, बस.

२३ फेब्रुवारी

आजही कोणी नाही. चर्चा उघडली. वरपासून खालपर्यंत वाचली.

हुज्जत नव्हती. कोणाला म्हापशाला किती वाजता पोचायला हवं, कोणाचं किती सामान, कोणाचे गुडघे – ओळीने लिहिलेलं. इतकी वर्षं ही माणसं माझ्या गाडीत बसली. सत्यवतीचा गुडघा मला ठाऊक नव्हता.

सोळा तारखेला तिच्या नावाने सेजलने लिहिलंय – "आई विचारता, भिकाजीबाब, पावसापर्यंत तरी खालून गाडी व्हरशात?" खाली उत्तर नाही. मीच द्यायचं होतं ते.

दोन दिवसांनी कोरगावचा पांडुरंग आला चर्चेत. माझ्याच गाडीवर घंटी मारायला शिकला, आता स्वतःची व्हॅन आहे. वेळा विचारल्या, पाट्या किती ते विचारलं, म्हणाला, सोमवारपासून तळ्याकडे उभा राहतो. कोणीतरी लिहिलं, "पयलीं भिकाजीबाबांक सांगूंया मरे, तो आमचोच." त्यावर सेजल – "ते लेख बरयतात. वाचपाक वेळ ना तांकां."

पोरीची जीभ आईपेक्षा धारदार! हसूही आलं. मग खाली लिहिलं – "मी भिकाजी. तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा. पुढच्या सोमवारपासून गाडी परत खालून आणतो."

बिघडलेलं नाही अजून काही. माझीच माणसं आहेत. मी स्वतः चर्चेत उतरलो म्हटल्यावर कोण मागे राहील?

२४ फेब्रुवारी

उत्तर नाही. गौरेशला विचारलं, साईट बंद आहे का. चालू आहे म्हणाला.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज म्हापशाचा बाजार. आनंदी गेली – पांडुरंगाच्या गाडीने.