अकराच्या आधी बारा

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. समोर वकीलबाई दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत आहेत. ते दडपणात धरत नाहीत असं त्यांनीच सांगितलं. सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. त्यांना नसेल. यापूर्वी मी दुसरं कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. दुकानावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या, सामानासकट, माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, द्याव्यात. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तीन प्लंबर येऊन गेले आणि तिघांनी वॉशर बदललं. आता वॉशर बदलू नये, अख्खा नळ बदलावा. ही पोर आठवड्यातून दोनदा डबा घेऊन येते आणि आपणच केलंय म्हणून सांगते. डब्यात काय घालायचं हे तिचा बाप ठरवतो असा माझा जुना संशय आहे, कारण मला तिखट चालत नाही हे तिला कोणी सांगितलं?

कलम २. दवाखान्याचं बिल भागवून बँकेत जे उरेल ते वाचनालयाला द्यावं. त्यातून फक्त शिवून बांधलेली पुस्तकं घ्यावीत. गोंदाने चिकटवलेलं एकही घेऊ नये. सहा महिन्यांत त्यांची पानं हातात येतात आणि वाचणारा बिचारा स्वतःलाच दोष देतो.

कलम ३. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईवरची माझी सतरा पुस्तकं शेजारच्या चष्मेवाल्याला द्यावीत. त्यातली चार त्याच्याकडेच आहेत. ती आधी परत आणावीत आणि मग सतराच्या सतरा घेऊन जावीत. ही पुस्तकं मी जन्मभर वाचली, पण त्यांच्या वाचकांना मी विटलो आहे. समुद्र ओलांडून दीड लाख माणसं एका दिवसात पलीकडे उतरली, आणि ज्याला म्हणून ते वाचायला मिळतं त्याला वाटतं की आपण असतो तर दुपारच्या चहाआधी आटोपलं असतं. चष्मेवाल्याने खुर्चीत बसल्या बसल्या आजवर तीन सेनापती बडतर्फ केले आहेत. मीही त्यातलाच, हे पुढच्या कलमात दिसेल.

कलम ४. अठरावं पुस्तक. याला जरा वेळ लागेल, वकीलबाईंनी घड्याळ पर्समध्ये ठेवावं.

एकोणीस वर्षांपूर्वी दुकानात आम्ही दोघं होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. मी शिवायचो, तो पुठ्ठे कापून कापड चढवायचा. वाचनालयाकडून त्या चढाईचं एक जाडजूड पुस्तक दुरुस्तीला आलं. आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय परत पाठवायचं नाही ही आमची खोड. मी ते सुटं असतानाच वाचलं, फर्मे टेबलावर ओळीने मांडून. (फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी, अशा घड्या एकावर एक ठेवून शिवल्या की पुस्तक होतं. वकीलबाईंनी विचारलं म्हणून लिहिलं.) मग मी ते शिवलं, आणि भावाने शिवलेलं वाचलं.

चार दिवसांनी ग्रंथपाल पुस्तकं न्यायला आले आणि विषय चढाईचा निघाला. धाकटा म्हणाला, पहिल्या तुकड्या पाच जूनला वादळातच उतरल्या, मग हवामानवाल्यांचं ऐकून एक दिवस थांबले, आणि बाकीचे सहाला उतरले. मी म्हटलं, काहीतरीच काय, पाचला कोणीच उतरलं नाही. वादळामुळे बेत एक दिवस पुढे ढकलला आणि उतरले ते सहालाच. तो म्हणाला, पुस्तकात आहे. मी म्हटलं, दाखव. त्याने पुस्तक उघडलं, पानं उलटली, एका जागी थांबला, मागे गेला, परत पुढे आला. मग पुस्तक मिटलं आणि ग्रंथपालांच्या पिशवीत ठेवलं. मला एवढा चेव आला की मी ग्रंथपालांसमोर त्याला म्हणालो, "वाचता येत नसेल तर नुसते पुठ्ठे काप."

ग्रंथपाल हसले. महिन्याभरात धाकट्याने रस्त्यापलीकडे गाळा घेतला आणि गोंदाचं मशीन बसवलं. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. तो नाही बोलला म्हणून मी नाही, आणि मी नाही म्हणून तो नाही.

तीन वर्षांपूर्वी वाचनालयाने काढून टाकलेल्या पुस्तकांचा गठ्ठा रद्दीवाल्याने माझ्याकडे आणला. त्यात ते होतं. शिलाई माझीच, बघताक्षणी ओळखली. सोळा वर्षांत एक टाका ढिला पडला नव्हता. मी मोठ्या कौतुकाने उघडलं, तर पान एकशेसाठनंतर पान एकशेसत्त्याहत्तर. बारावा फर्मा मी अकराव्याच्या आधी शिवला होता. अकरावा, बारावा आणि तेरावा, तिन्ही फर्मे नेमके नव्या प्रकरणाने सुरू होत होते, त्यामुळे वाक्य कुठे तुटलं नाही. सैन्य किनाऱ्यावर आधी उतरत होतं आणि उतरायचं पुढे ढकलण्याची बैठक नंतर भरत होती. सोळा वर्षं लोकांनी ते तसंच नेलं, वाचलं, परत केलं, आणि एकानेही तक्रार केली नाही. यावरून लोक युद्धाचा इतिहास कसा वाचतात ते कळावं.

भावाने त्या दिवशी काय पाहिलं ते मला तेव्हा कळलं. त्याने पानांचे आकडे पाहिले होते. वाचनालयाचं वर्षभराचं काम त्याच ग्रंथपालांच्या हातात होतं. 'दादा, फर्मा चुकलाय' एवढं बोलला असता तर तो जिंकला होता आणि माझी अब्रू गेली होती. त्याने आपलं हसं होऊ दिलं आणि माझं नाव राखलं. आणि मी काय केलं, तर वर लिहिलं आहे.

हे कळूनही तीन वर्षं गेली. त्याचं दुकान बावीस पावलांवर आहे, मी मोजली आहेत. रोज सकाळी म्हणायचो, आज जातोच. कधी माझ्याकडे गिऱ्हाईक, कधी त्याच्याकडे गर्दी, कधी नुसताच कंटाळा. तिकडे त्यांनी वादळ आहे म्हणून एक दिवस पुढे ढकललं. मी लख्ख उन्हात हजार दिवस ढकललं. मला माझी लाज वाटते, आणि लाजेपेक्षा संताप जास्त येतो.

तरी ते पुस्तक उसवून नीट करू नये. दुकानाच्या दर्शनी काचेत पान एकशेसाठवर उघडं ठेवावं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहावं: बांधणारा थोरला, चूक थोरल्याची.

कलम ५. दुकान, दाबाचा प्रेस, कटिंग मशीन आणि शिलाईची चौकट माझ्या धाकट्या भावाला द्यावी.

हे कलम काट मारून रद्द केलं आहे. कारण असं: मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक वकीलबाईंचा कारकून. दुसरा माझा भाऊच हवा असा मी हट्ट धरला. मी मेल्यावर त्याने हे वाचून काय उपयोग? माफी मागायची तर समोरच्याला चार शिव्या द्यायची सोय नको का? त्यावर वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीला घेता येत नाही. दुकान द्या नाहीतर साक्षीला बोलवा. आणि साक्षीदाराला आतला मजकूर वाचायची गरज नसते, त्याने फक्त सही होताना बघायची. मी म्हटलं, या साक्षीदाराला वाचावंच लागेल.

पुतणी जाऊन त्याला घेऊन आली. हाताला गोंद तसाच. त्याने सगळी पानं वाचली, चौथं कलम दोनदा वाचलं, आणि मान वर केली नाही. मी विचारलं, दुकान हवं की सही करतोस? तुझ्या हक्काचं आहे, नीट विचार कर.

तो म्हणाला, "दुकान पोरीच्या नावावर कर. सही कुठे करू?"

एकोणीस वर्षांनी एवढंच बोलला. माझे डोळे भरून आले, ते वकीलबाईंनी पाहिलं, म्हणून लिहून टाकतो. मग त्याने विचारलं, सोमवारी बरोबर कोण आहे. मी म्हटलं, कोणी नको, टॅक्सीने जाईन, मी काही लहान नाही. 

कलम ५, नवीन. दुकान आणि त्यातली सगळी अवजारं पुतणीला द्यावीत. गोंदाचं मशीन तिने आत आणू नये. अगदीच आणायचं असेल तर मागच्या खोलीत ठेवावं.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे.

स्थळ: दुकान, शिलाईच्या टेबलापाशी
दिनांक: चौदा मार्च, शुक्रवार

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार एक: वकीलबाईंचा कारकून. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दोन: मृत्युपत्र करणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, धंदा तोच. सही माझ्यासमोर झाली, आणि मी सगळं वाचलं. सोमवारी दवाखान्याच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही मीच करणार आहे. त्याला विचारत बसू नये.